तुरटी फिरवलेलं पाणी

धायरीतल्या त्या विहिरीचं पाणी पिण्यायोग्य आहे, या कागदाखाली सही माझी होती. गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. पण कुणाला ती सांगायची वेळ आली की मी अजूनही आधी दोन सबबी सांगते आणि मग मुद्द्यावर येते. म्हणून आज सही आधी सांगून टाकली. सबबी येतीलच ओघात.

मी शहरातल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करत असे. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या कामाला बरकत आली होती, कारण जो तो बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढत होता. आमच्या नळाला कसं गोड पाणी आहे हे बाहेरगावच्या पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय ज्या पुणेकरांना घास उतरत नसे, तेच आता पाणी विकत घेऊन पिऊ लागले होते. त्या बाटल्या तपासण्यावर माझं घर चालत होतं, त्यामुळे मी हसायची ती मनातल्या मनात.

स्वभावाने मी आकड्यांची. रंग, वास, चव यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. घरात कुणी आमटी खारट झाली म्हटलं तर मी 'किती खारट?' असं विचारत असे. नवऱ्याने त्यावरून माझी पुष्कळ टिंगल केली, पण मला त्याचा अभिमानच होता. डोळे फसतात, यंत्र फसत नाही, असं मी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलींना शिकवत असे.

आम्ही धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा निम्मं धायरी अजून गावच होतं. आमच्या गॅलरीतून ओढा दिसायचा आणि ओढ्यापलीकडे मावशींचं शेत. मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. साठीच्या, नवरा गेलेला, मुलगा आणि सून हाताशी. मेथी, पालक, चुका, शेपू असा भाजीपाला. मुलगा पहाटे माल घेऊन मार्केट यार्डात जायचा आणि उरलेल्या जुड्या मावशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी विकायच्या. माझी जुडी त्या बाजूला काढून ठेवायच्या आणि मी पाच मिनिटं उशीर केला तर सगळ्यांदेखत चार शब्द सुनवायच्याही.

गाड्यांच्या नव्या कंपन्या देशात आल्या, त्यांच्यामागून त्यांना सुटे भाग पुरवणारे आले, आणि त्या सुट्या भागांना चकाकी देणारे आले ते थेट आमच्या ओढ्याकाठी. वरच्या अंगाला पत्र्याची एक लांबलचक शेड उभी राहिली. तिथे लोखंडावर तांब्याचा आणि निकेलचा मुलामा चढवत. काही दिवसांनी ओढ्याचं पाणी सकाळी सकाळी हिरवट दिसू लागलं. मावशींची विहीर ओढ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती.

मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत तेव्हापासून भेगा पडायला लागल्या. खाज इतकी की त्या भाजी निवडता निवडता हात पाटीच्या काठावर घासायच्या. विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसला तसं त्यांनी घरात ते पाणी प्यायचं बंद केलं. भाजी धुणं, भांडी, अंघोळ विहिरीवर, पण पिण्याचे दोन हंडे गावातल्या देवळापाशी असलेल्या नळावरून. एवढं लांब सून जायची, कधी मावशी स्वतः जायच्या.

सोसायटीने शेडविरुद्ध तक्रार केली. आम्हाला काही मावशींचा फार पुळका आला होता असं नाही. आमची बोअर नासेल ही धास्ती होती, आणि अशा ओढ्याकाठचे फ्लॅट उद्या विकले जातील का, ही त्याहून मोठी. सरकारी अधिकाऱ्यांनी आमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाण्याचा तपासणी अहवाल आणा म्हणून सांगितलं. सोसायटीच्या सभेत ते सांगितल्याबरोबर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नमुना मावशींच्या विहिरीचा घ्यायचा ठरलं, कारण ओढ्याच्या सगळ्यात जवळ तीच. मीही जरा ऐटीत हो म्हटलं.

आता सबब. नमुना तपासणाऱ्याने स्वतः जाऊन घ्यायचा असतो. हेही मी त्या मुलींना शिकवत असे. पण त्या रविवारी आम्हाला बुधवार पेठेत जायचं होतं. मुलीला कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि तो तयार न घेता एकेक भाग निवडून जोडून घेतला की चांगला पडतो, असं नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. त्या काळात घरात कॉम्प्युटर नसणं म्हणजे मुलीचं भविष्य आपल्या हाताने बुडवणं, असं आम्हाला मनापासून वाटायचं. म्हणून मी शनिवारी संध्याकाळी दोन धुतलेल्या बाटल्या मावशींच्या हाती दिल्या. उद्या विहिरीचं पाणी भरून ठेवा, सोमवारी बसला जाताना नेते, म्हटलं. कुठवर भरू, असं त्यांनी विचारलं. गळ्यापर्यंत, असं मी सांगितलं. एवढंच.

सोमवारी मावशी स्वतः फाटकाशी उभ्या होत्या. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. पाणी स्वच्छ होतं, अगदी नितळ. ते माझ्या डोळ्यांना दिसलं आणि क्षणभर खटकलं, हे मी नाकारत नाही. पण डोळ्यांवर विश्वास ठेवणारी मी नव्हते ना.

धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहू नयेत म्हणून आलेल्या पाण्यात आम्ही थेंबभर आम्ल घालायचो. तेही घातलं. यंत्राने जो आकडा दिला तो मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. मी पुन्हा मोजलं. तोच आकडा. मी अहवाल लिहिला आणि सही केली. माझ्या मनात आलं, आपण ओढ्याचा रंग पाहून उगाच घाबरलो. बघा, आकडा काय म्हणतो ते.

सोसायटीची तक्रार तिथेच विरली. हात दाखवून अवलक्षण, असं सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, आणि वर, 'अहो, आपल्या बोअरचं एक बरं झालं,' असंही म्हणाले. शेडच्या मालकाने त्या अहवालाची प्रत मिळवली, तिला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि शेडच्या फाटकावर लावली. येता-जाता माझी सही मला दिसायची.

आणि मावशींच्या सुनेने देवळापाशी नळावर जाणं सोडलं. मावशींनीच मला हौसेने सांगितलं. ताईंनी तपासलंय म्हटल्यावर आता कशाला पायपीट, घरचं पाणी परत प्यायला लागलो. त्यांना माझे उपकार वाटत होते. त्या दिवशी त्यांनी मला मेथीची एक जुडी जास्तीची दिली आणि मी ती घेतली.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. मला पडवीत बसवून मावशी आत पाणी आणायला गेल्या, आणि दारातून मला त्यांची पाण्याची मांडणी दिसली. मोठी घागर एकीकडे. दुसरीकडे झाकलेली तांब्याची कळशी, तिच्या तोंडाला चौपदरी धोतराचं फडकं, आणि शेजारी वाटीत तुरटीचा खडा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मावशींनी कळशीतलं वरवरचं पाणी अलगद पेल्यात ओतलं, तळ हलू न देता.

मी सहज विचारलं, तुरटी रोज फिरवता का?

"आमाला कशाला तुरटी? आमी घागरीतलंच पितो, सवय हाय. ही कळशी आल्यागेल्याची," मावशी म्हणाल्या. "गाळायचं, तुरटी फिरवायची, रातभर निवळू द्यायचं. तुमच्या बाटल्याबी अशाच भरल्या की. आपल्या घरचं पाणी शहरात जायचं, मानसं बघनार, मग गढूळ कसं धाडायचं?"

तुरटी काय करते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाण्यात तरंगणारा बारीक गाळ ती एकत्र करते आणि तळाशी नेते, आणि शेडमधून येणारे मुलाम्याचे धातू होते ते त्या गाळातच. मला जे मोजायचं होतं ते मावशींच्या कळशीच्या तळाशी राहिलं होतं. मी मोजला होता तो त्यांच्या घरचा पाहुणचार. आणि घरातली माणसं पीत होती ते घागरीतलं, न गाळलेलं, माझ्या सहीच्या भरवशावर.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाणी संपवलं, तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं आणि घरी आले. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पुढच्या रविवारी मी स्वतः विहिरीवर गेले, स्वतः पोहरा सोडला, जागेवरच आम्ल घातलं. आकडा आला तो मी घरी कुणाला सांगितला नाही. प्रयोगशाळेच्या मालकांना मात्र सांगणं भाग होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले की नवा अहवाल खुशाल द्या, पण जुना चुकला असं कुठेही लिहू नका. प्रत्येक अहवालाखाली आपण छापतोच, की हा निकाल आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई.

मी मूठ झाकली. नवा अहवाल घेऊन मी एकटी त्या सरकारी ऑफिसात गेले. तिथे जुनाही फाइलला होता. एकाच विहिरीचे, एकाच प्रयोगशाळेचे, एकाच सहीचे दोन निकाल, यातला आम्ही कुठला खरा धरायचा, असं मला विचारण्यात आलं. पहिला नमुना कसा भरला होता ते मी सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मग नमुना घ्यायला तुम्ही कुठे होता, असं त्यांनी विचारलं असतं. साहेबांनी दोन्ही कागद एकाच टाचणीला लावले.

मावशींना तरी सांगायचंच, असं ठरवून मी त्यांच्याकडे गेले. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही मायेने पाणी गाळलंत, म्हणून तुमच्याच घरात विष चालू राहिलं? ते माझ्याने बोलवेना. मी म्हटलं, पहिल्या वेळी आमच्या यंत्रात बिघाड होता. पाणी वाईट आहे, पिऊ नका.

मावशी पालकाच्या जुड्या बांधत होत्या. हात चालूच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मागं तुमचंच मशीन बरं म्हनलं. आता वाईट म्हनतंय. तिसऱ्यांदा काय म्हनंल?"

मला वाटत होतं, मी त्यांचं मन जपलं. मी जपली होती माझी कातडी, आणि त्यापायी त्यांचा आकड्यांवरचा विश्वास घालवला. मावशी घागरीतलंच पाणी पीत राहिल्या. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विषय बदलून मेथीचा भाव काढला.

दोन उन्हाळे तसेच गेले. मग आयटीतल्या पोरांसाठी घरं कमी पडायला लागली, बिल्डर आला, मावशींच्या मुलाने जमीन दिली. विहिरीत आधी राडारोडा पडला आणि मग वर पार्किंग झालं. शेडही उठून आणखी कुठल्याशा ओढ्याकाठी गेली. विहीर बुजली तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं, हेही लिहून ठेवायला हवं.

गेल्या वर्षी मी मावशींना भेटायला गेले. त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर त्या राहतात. आता फार थकल्यात. बोटांच्या भेगा पुढे मनगटापर्यंत चढल्या, त्या कधी बऱ्या झाल्याच नाहीत. त्या सगळ्या पाण्यामुळेच झाल्या का, ते मला सांगता येणार नाही. मोजायचं होतं तेव्हा मी मोजलं नाही. स्वयंपाकघरात भिंतीला पाणी शुद्ध करणारं यंत्र लावलंय. सून त्याच्या नळाखाली पेला धरणार, तेवढ्यात मावशींनी तिला हटकलं आणि कळशीतलं द्यायला लावलं. यंत्रातून काढलेल्या पाण्यात त्या अजूनही आल्यागेल्यासाठी तुरटी फिरवतात.

तो पेला हातात आल्यावर माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. बुधवार पेठ, बाटल्या, तुरटी, टाचणीला लावलेले दोन कागद, आणि यंत्र बिघडलं नव्हतं हेही. सून ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मावशी ऐकत होत्या आणि एका हाताने दुसऱ्या हाताच्या भेगा चोळत होत्या.

मावशी बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता.

"बाटल्या दिल्या तवाच सांगायचं, ताई. मी न गाळता भरून दिलं असतं."

मग माझ्या पेल्याकडे पाहून त्यांनी पाणी प्यायला सांगितलं, आणि मी प्याले.