हिंट घेतली की पॉइंट्स जातात

आमच्या तिघांच्या ग्रुपवर रोज काहीतरी घोळ होतो आणि रोज कोणीतरी टाकतं, "हे लिहून ठेव यार!" लिहून कोणीच ठेवत नाही. मग चहाला बसलो की एकच किस्सा तिघं तीन प्रकारे सांगतो आणि शेवटी नक्की काय झालं होतं तेच कळत नाही! म्हणून आता माझ्या प्रकारे लिहून टाकते. ओम्या आणि सायली, बोंबलू नका.

तर आम्ही तिघं मुलुंडचे, एकाच सोसायटीतले. कॉलेज संपलं, नोकरी नाही, म्हणून सायबर सिक्युरिटी शिकतोय. त्याच्या ऑनलाइन लॅब असतात. म्हणजे एक वेबसाइट तुम्हाला खोट्या कंपनीचा खोटा कॉम्प्युटर देते आणि म्हणते, घुसून दाखव! आत कुठेतरी एक ओळ लपवलेली असते. ती शोधली की पॉइंट्स.

ओम्याच्या आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर खोटं, चोर खोटा, मग तुला घाम खरा कसा येतो रे?"

*

घाम यायचं कारण होतं ओम्याचे बाबा. मूळचे मालवणचे, कमी बोलणारे, पण बोलले की संपलं. त्यांनी सांगून टाकलेलं, "गणपतीक गावाक जावच्या आधी नोकरी गावली तर बरा. नायतर बाळ्यावांगडा एसी खोलूक जा!"

वांगडा म्हणजे बरोबर, आणि बाळ्या म्हणजे ओम्याचा चुलतभाऊ. एसी रिपेअरिंग करतो, मस्त चाललंय त्याचं. पण ओम्याला उंचीची एवढी भीती की स्टुलावर चढून पंखा पुसतानासुद्धा तो डोळे मिटतो. बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर कसला लटकतोय!

एकदा त्याने कौतुकाने बाबांना वेबसाइटवर मिळालेला बॅज दाखवला. वाघाचं तोंड होतं त्यावर.

बाबांनी चष्मा लावून बघितलं. "बरो आसा. पगार वाघ देतलो?"

*

सुरुवातीला आम्हाला घंटा काही कळत नव्हतं. व्हिडिओतला माणूस जे टाइप करेल ते टाइप करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

एका दुपारी ओम्या खुर्चीतून उडालाच. "घुसलो! आयला, घुसलो मी!"

आम्ही धावत गेलो. स्क्रीनवर खरंच कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधले फोल्डर दिसत होते. ओम्या एकेक वाचत होता. "मालवण फोटो... बघ ना, हा पण मालवणचा! बायोडेटा फायनल, बायोडेटा फायनल नवीन... बिचारा, हा पण नोकरी शोधतोय!"

सायली हळूच म्हणाली, "ओम्या, हा माणूस तू आहेस."

त्याने कॉम्प्युटरचा पत्ताच चुकीचा टाकला होता. सगळी दुपार स्वतःच्याच लॅपटॉपवर हल्ला! त्याने फोल्डर परत एकदा वरखाली करून बघितले. मग म्हणाला, "पण पासवर्ड काय फालतू ठेवलाय यार याने!"

*

सायलीची गंमत वेगळीच. तिने खोटे मेसेज ओळखायची लॅब पूर्ण केली आणि तिला जिकडेतिकडे खोटंच दिसायला लागलं. लक्षणं पाठ: घाई, धमकी, अशुद्ध भाषा.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'ताबडतोब पानी भरा. उद्या मिळनार नाही. नंतर तक्रार चालनार नाही!!!'

सायलीने खाली ठोकलं, 'हा मेसेज फेक आहे. कोणीही काहीही करू नका.' शिकलेली मुलगी म्हणतेय म्हटल्यावर अख्ख्या विंगने तिचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडे! लोक बादल्या घेऊन सायलीच्या दारात. मागून सेक्रेटरी काका आले, चेहरा एवढासा झालेला. "अगं, फेक काय? मी असंच लिहितो!"

*

आता सगळ्यात वाईट सवय. लॅबमध्ये अडलं तर हिंट मिळते, पण हिंट घेतली की पॉइंट्स कापतात. ओम्याच्या हे इतकं अंगात भिनलं की त्याने कोणालाही काहीही विचारणं सोडलं.

घाटकोपरला आम्ही एका मित्राचं घर शोधत होतो. त्याच गणपतीच्या देवळासमोरून तिसऱ्यांदा गेल्यावर मी ओरडले, "विचार ना त्या काकांना!"

"नको. पॉइंट्स जातात."

"कोणाचे, ओम्या? कोण देतंय पॉइंट्स?"

ओम्या चौथ्या फेरीला निघाला. पण विचारलं नाहीच!

*

आणि गणपती तोंडावर आले असताना ओम्याला इंटरव्ह्यू आला. अंधेरीला. मेलमध्ये फक्त बिल्डिंगचं नाव, मजला आणि 'प्रॅक्टिकल राउंड ऑफिसमध्येच होईल.' तो गेला. मी आणि सायली त्याच्या घरी, त्याच्याच लॅपटॉपवर लॅब करत बसलो. बाबा समोर पेपर उलटा धरून.

ओम्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"झकास झालं! ऐक. लिफ्टमधले आकडे आणि मजले जुळतच नव्हते, मी अंदाजाने उतरलो. समोर काचेचं दार, कोडवालं, आत चिटपाखरू नाही. म्हटलं, राउंड सुरू! बटणं बघितली तर चारच झिजलेली. उलटसुलट दाबली, उघडलं! आत गेलो आणि हात मागे बांधून उभा राहिलो. एक साहेब डबा घेऊन आले, म्हणाले, कोण तुम्ही? मी धडाधड सांगायला लागलो. तुमच्या दाराचा कोड असा कळतो, तुमचा पासवर्ड स्क्रीनवर चिकटवलाय, अमुक चुकतंय, तमुक चुकतंय. त्यांनी डबा खाली ठेवला. अजून दोघांना बोलावलं. चहा दिला. म्हणाले, तुमच्यासारखाच माणूस हवा होता, सोमवारपासून या!"

बाबा ताडकन उठले आणि बाळ्याला फोन लावायला खिडकीशी गेले. आई डोळे पुसत साखर शोधायला लागली.

तेवढ्यात लॅपटॉपवर ओम्याला इंटरव्ह्यूवाल्या कंपनीचा मेल आला. सायलीने वाचला आणि माझा हात घट्ट धरला. 'आज आपण मुलाखतीस उपस्थित राहिला नाहीत, याची नोंद घ्यावी.'

"हा फेक आहे ना?" मी कुजबुजले.

"नाही गं," सायली म्हणाली. "भाषा शुद्ध आहे."

बाबा खिडकीतून ओरडले, "गो, कंपनीचा नाव काय सांगू बाळ्याक?"

सायलीने फोन तोंडाजवळ घेतला. "ओम्या, कंपनीचं नाव काय?"

फोनवर ओम्याचे बूट इकडून तिकडे वाजले.

"बोर्ड दिसत नाहीये गं कुठे."

"मग आत जाऊन विचार ना!"

"वेडी झालीस काय? आत्ता पॉइंट्स घालवू?"