सगळ्या खाटांना अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मी वॉर्डच्या इन्चार्जबाईंना म्हणालो, "मावशी, जरा पाणी द्या." मावशी म्हणजे फरशी पुसणारी बाई. चष्मा उशाखाली होता, एवढीच माझी सबब.  बाई वळून ड्यूटीवरच्या तरुण सिस्टरला म्हणाल्या, "पेशंटला एवढंही सांगता येत नाही? मेमो हवाय?" पोरीचा चेहरा उतरला. आणि मी मनात म्हटलं, वा, काय शिस्त!

माझी नोकरी जळगावला, बायको धुळ्याला स्टाफ नर्स. संसार एस.टी.च्या भरवशावर. ती आली की हे कौतुक तिला ऐकवायचंच, असं मी ठरवलं.

पण तो वॉर्ड नको इतका गप्प होता. व्हरांड्यात बाईंच्या चपला वाजल्या की सिस्टर बोलता बोलता थांबायच्या. त्याच दुपारी तरुण सिस्टरच्या हातून वॉर्डातला एकुलता एक थर्मामीटर पडला. तिनं काचा कापसात गुंडाळून खिशात घातल्या.

"भाऊ, कोणाला बोलू नका. मागच्या महिन्यात एकीला यावरूनच मेमो मिळालाय."

मी मोठ्या उदारपणे मान हलवली.

तेव्हापासून ती नुसतीच खाटेखाटेशी थांबायची आणि तिथल्या कागदावर ९८.४ लिहायची. माझ्या शेजारी रावेरकडचे आबा होते, केळीवाले, अपेंडिक्स काढलेले. थर्मामीटर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी चादर गळ्यापर्यंत ओढून ते म्हणाले, "भाऊ, मले लय हिव वाजू राह्यलं." सिस्टरनं त्यांच्या कपाळाला हात लावला, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि तोच आकडा लिहिला. राउंडला डॉक्टर कागद पाहून पुढे सरकले. त्यांच्यामागे इन्चार्जबाई होत्या. मी कूस बदलली.

त्याच्या पुढच्या दिवशी आबा असंबद्ध बडबडायला लागले. तेवढ्यात बायको आली. पिशवी खाली न ठेवताच तिनं आबांच्या गळ्याला हात लावला. त्यांचा कागद वाचला, मग पलीकडच्या खाटेचा, मग त्याच्या पलीकडचा.

"थर्मामीटर कधी फुटला गं?" तिनं सिस्टरला हळूच विचारलं.

पोरीला रडूच फुटलं.

"आमच्या धुळ्याच्या बाई आधी विचारतात, काच लागली का. मग दुसरा देतात," बायको म्हणाली. "जा, डॉक्टरांना बोलाव. मी थांबते इथं."

तिनं पर्समधला आपला थर्मामीटर लावला. एकशे चार.

आबांना तसंच पुन्हा ऑपरेशनला नेलं. आत पू साचला होता. वाचले, पण थोडक्यात.

संध्याकाळी पोरीला मेमो मिळाला. बाकीच्या सिस्टर भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. नवा थर्मामीटर आला, तो बाईंनी आपल्या कपाटात कुलपात ठेवला. सकाळी पाहतो तर आबांच्या कागदावर ताप होता. बाकी सगळ्या खाटांना ९८.४.

घरी जाताना एस.टी.त मी म्हणालो, "बिचारी पोरगी. माझ्यासमोरच फुटला तो थर्मामीटर. भीतीपोटी केलं तिनं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. "तिला मेमोची भीती होती," ती म्हणाली. "तुम्हाला कोण मेमो देणार होतं?"