जपून ठेवलेला फिल्टर
ओल्या भुशात पेट्रोलचा वास मिसळला की संकेश्वरचं ते दुरुस्तीचं दुकान आठवतं. झाडं तोडून घर चालवणाऱ्या आमच्या आप्पांचं कापायचं मशीन बंद पडलं होतं. मिस्त्रीनं पिस्टनवरचे ओरखडे दाखवले. "हवेचा फिल्टर नकली हाय आप्पा. कडेनं भुसा आत गेलाय. मशीन संपलं." नकली माल विकणारे चोरच, असं माझं भाषण सुरू झालं. आप्पा शांतपणे म्हणाले, "अस्सल हाय की घरात. मशीनसंगट आलता. भुशानं खराब हुईल म्हणून पहिल्याच दिवशी काढून ठेवलाय, अन् हा स्वस्तातला बसवला." "मग आता त्याची पूजा करा," मिस्त्री म्हणाला. नकली मालाविरुद्ध मी आजही पत्रकं काढतो. दुकानदारांना सोडत नाही, पण आप्पांचा तो कोरा फिल्टर अजून एकाही पत्रकात घातलेला नाही.