सपाट खटका

माझ्या हातून घडलेली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे एक हातग्राइंडर. काम लोखंड कापायचं, पण रूप असं, की रुखवतात मांडावं. कर्वेनगरातल्या आमच्या छोट्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे मी करत असे. ग्राइंडरच्या अंगावर कुठे उंचवटा नाही, खाच नाही. खटकासुद्धा असा बुडवलेला, की चालू असो वा बंद, बोटाला सारखाच लागावा.

आमच्या फिटरकाकांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला.

"साहेब, हे चालू आहे का बंद?"

"अहो काका, डोळे उघडा की!"

"काम करताना डोळे चाकावर असतात, साहेब. खटक्यावर नसतात."

"मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

सगळे हसले. समोरच्याला गप्प केलं की त्याला पटलं, असा अस्सल पुणेरी समज तेव्हा माझाही होता.

खंडेनवमीला सकाळी कारखान्यातली हत्यारं पुजायला मांडली. माझा ग्राइंडर अर्थातच मधोमध. चाकावरचं झाकण मी शोभेसाठी काढून ठेवलेलं. पाहुण्यांना चालवून दाखवावा म्हणून वायर जोडली, खटका ढकलला. यंत्र ढिम्म. वीज गेली होती. काहीतरी विनोद करून मी ते पाटावर ठेवून दिलं. खटका मागे ओढला का? ओढला, असं वाटलं. डोळे पाहुण्यांकडे होते आणि बोटाला कळणार नव्हतं. ती सोय मीच करून ठेवली होती. वायर काढायचं सुचलंच नाही.

काका एकेका हत्याराला अनामिकेनं कुंकू लावत आले. चाकाला बोट टेकलं आणि वीज आली.

पाटावरून उसळलेलं यंत्र मी कसंबसं धरलं. झेंडूच्या पाकळ्या तोंडावर उडत होत्या आणि माझ्याच अंगठ्याला खटका सापडत नव्हता. शेवटी कुणीतरी वायर उपटली.

काकांच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं. इस्पितळात मी तोंडातल्या तोंडात काही बोलू लागलो, तर खाटेवरून ते शांतपणे म्हणाले, "चष्म्याचा नंबर तपासून घेतो, साहेब."

अजूनही गेलेली वीज परत आली की घरातले "आली!" म्हणून ओरडतात, आणि मी प्रत्येकाचे हात कुठे आहेत ते बघत सुटतो. सूनबाईंना वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. त्यांचंही फार चुकत नाही.

नवा ग्राइंडर बेडकासारखा दिसायचा. लालभडक, फुगीर खटका. झाकण काढलं तर चालायचाच नाही. वीज जाऊन आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय फिरायचा नाही. काकांनी डोळे मिटून अंगठा लावला. "बंद," म्हणाले. त्याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला मिळालेलं नाही.

तरीही पुढच्या खंडेनवमीला त्यांनी वायर काढून प्लग माझ्या हातात दिला.

"धरा. पूजा होईपर्यंत सोडू नका."

आणि त्याच अपुऱ्या बोटानं चाकाला कुंकू लावलं.

आरती झाली, पेढे वाटले गेले. मी आपला प्लग घट्ट धरून तिथंच उभा.