सतरा नंबरवाल्या वहिनी

सकाळी साडेदहाच्या सुमाराला अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. लातूरला असतात, आणि फोनवर बोलायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. "शिवकांता गेली रे," एवढं म्हणाले आणि लगेच पुढे, "तू जेवून निघ. मातीला चारपर्यंत येळ हाय, घाई करू नको." शिवकांता म्हणजे माझ्या वहिनी. जेवण कसलं जातंय... तसाच नांदेडच्या स्टँडवर आलो आणि बसलो गाडीत. लोहा मागे पडलं तसं मला एकेक आठवायला लागलं, आणि काय सांगू, हसूच यायला लागलं. शेजारचा गृहस्थ दोनदा माझ्याकडे बघून सरकून बसला. माणूस मातीला निघालाय आणि हसतोय, म्हणजे डोक्यात काही तरी फरक असणार, असं त्याला वाटलं असेल. आता सहा आठवडे झाले त्याला. लिहायला बसलो तरी तेच, रडू मागं राहतं आणि हसू पुढं येतं. त्याला माझा इलाज नाही.

वहिनी आमच्या घरी औशाला आल्या तेव्हा दहावी पास होत्या, तेही दोन वर्षं उशिरा. त्यांचं माहेर देवणीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची शाळा सुटली, कारण आई-वडील खडी फोडायला जायचे आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मग भावंडांना घेऊन त्याही कामावरच जाऊन बसायच्या. तिथलं ऊन, धूळ, तहान यांबद्दल त्यांनी कधी फारसं सांगितलं नाही. सांगितलं ते हजेरी मांडणाऱ्या कारकुनाबद्दल. "भाऊजी, समदं गाव उन्हात, आन् त्यो एकटा ताडपत्रीखाली. बाजूला पान्याचा माठ. हातात पेन. मी तवाच ठरवलं, आपुन ताडपत्रीखालचं काम करायचं." असं त्या लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मला सांगत होत्या, आणि मी, त्यांचा वीस वर्षांचा दीर, बारावी सायन्सला दोनदा आपटून अप्पांच्या किराणा दुकानात गूळ फोडत बसलो होतो.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. आता नव्या पोरांना सांगून पटणार नाही, पण जिल्हा होणं म्हणजे तेव्हा घरात लग्न निघाल्यासारखं होतं. रोज नवीन पाटी, रोज नवीन कचेरी. जो तो म्हणायचा, आता कारकून लागणार, बारावी असंल तर नंबर पुढं लागंल. वहिनींनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला दुकानाच्या मागे गाठून विचारलं, घरी बसून बारावी देता येते का. येते, म्हणालो. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, कॉलेजात जावं लागत नाही, अभ्यास आपला आपण करायचा. "मग दोन फॉर्म आना," त्या म्हणाल्या. "दुसरा तुमचा. सायन्स तुमच्या बापजन्मात व्हनार न्हाई." मला राग आला होता, पण त्यांचं खरं होतं, म्हणून दोन्ही फॉर्म आणले.

अप्पांकडे विषय काढला तो अण्णांनी. अप्पा म्हणजे आमचे वडील, कपाळाला भस्म, आवाज असा की गिऱ्हाईक उधारीचं नाव काढत नसे. त्यांनी एकच वर्ष दिलं. "येका वर्षात झाली तर झाली. न्हाईतर पुस्तकं माळ्यावर," म्हणाले. म्हणजे वहिनींना डाव एकदाच टाकायचा होता, आणि तो त्यांनी कसा टाकला ते मला आजही नवलाचं वाटतं. विषयांची यादी समोर घेऊन मी म्हणालो, मराठी घ्या, सोपं आहे. त्या म्हणाल्या, "मराठीला घरात कोन गुतंल? उर्दू घेऊ. उर्दू अप्पांची हाय." अप्पा निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते, त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. सहकार घेतला, कारण अण्णा सोसायटीचे सचिव. इतिहास घेतला तो आईसाठी. आईला अक्षर येत नव्हतं, पण डाळ निवडताना वहिनी मोठ्यानं वाचायच्या आणि आई प्रत्येक बादशहाबद्दल विचारायची, "मग त्याच्या आईचं फुडं काय झालं?" राज्यशास्त्र दुकानाच्या गिऱ्हाइकांवर सोडलं, कारण त्यांना दुसरा विषयच नव्हता. तर्कशास्त्र माझ्यासाठी, मी उठताबसता हुज्जत घालायचो म्हणून. असं सगळं घरदार त्यांनी विषयांत बांधून टाकलं. अभ्यासाच्या वेळेला हाक मारायची कुणाची छाती होईना, कारण तो ज्याच्या त्याच्या विषयाचा तास असायचा. एक इंग्रजी तेवढं उरलं. त्याला घरात माणूस नव्हता, म्हणून आम्ही दोघं एकमेकांनाच शिकवायचो, आणि खरं सांगायचं तर त्याच मला शिकवायच्या.

उर्दूचा तास हे औशातलं एक प्रेक्षणीय स्थळ झालं होतं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नसे. अप्पा सोप्यात लोडाला टेकून, वहिनी दाराच्या आत पदर डोक्यावर घेऊन, आणि मधल्या उंबऱ्यावर मी, दोन्हीकडचा. चार हातांवर बसलेल्या सुनेसाठी अप्पा मला सांगायचे, "तिला सांग, गाफ ह्या अक्षराला दोन फाटे. एकच दिलाय." मी तोंड उघडायच्या आत आतून यायचं, "अप्पाला सांगा, दिला." पाटी माझ्या हातानं इकडून तिकडं. चार महिन्यांत वहिनी झरझर लिहायला लागल्या, अप्पांच्या हातासारखा हुबेहूब हात. अप्पा खूश. मला मात्र ते म्हणायचे, "तू गूळच फोड."

परीक्षेला पाच आठवडे राहिले असताना उर्दू शाळेत शिकवणाऱ्या नसीम बाजी साखर घ्यायला दुकानात आल्या. मी मोठ्या ऐटीत त्यांना वहिनींची वही दाखवली. बाजींनी ती जवळ धरली, मग लांब धरली, मग उजेडात नेली. "बेटा, ये हात तो हमारे दादा का है," त्या म्हणाल्या. "पेपर जाँचनेवाले को ये पढना नै आता." अप्पांचं अक्षर तहसिलीचं होतं, घाईघाईत ओढलेलं, अर्धी टिंबं गाळलेलं, ते वाचणारे कारकून कधीच पेन्शनीत गेले होते. आणि नुसतं अक्षर नव्हे. 'पावसाळा' या निबंधाची सुरुवात वहिनींनी "जनाब-ए-आली" अशी केली होती, मधे पिकांची हालत मांडली होती, आणि शेवटी हुजुरांनी मेहेरबानी करून पाऊस मंजूर करावा असा अर्ज केला होता. बाजी हसून हसून खाली बसल्या. अप्पांनी आयुष्यात उर्दूत अर्जाशिवाय दुसरं काही लिहिलंच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार.

पण हे अप्पांना सांगायचं कोणी? अण्णा म्हणाले, मला सोसायटीत काम हाय. आई म्हणाली, मला त्यातलं कळत न्हाई. मी तर हिशेबातच नव्हतो. दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळेला वहिनी दाराआड बसल्याच नाहीत. पदर नीट केला, उंबरा ओलांडून सोप्यात आल्या, खांबाशी उभ्या राहिल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट अप्पांशी बोलल्या. "अप्पा, तुमचं अक्षर आता कुनाला वाचाय येत न्हाई. ह्या अक्षरानं मी नापास व्हईन." मला वाटलं, पुस्तकं आत्ताच माळ्यावर जातात. अप्पा सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला इचार, मग कुनाचं वाचाय येतं?" वहिनीच म्हणाल्या, "पयलीच्या पुस्तकातलं." अप्पा उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. संध्याकाळी उर्दू पहिलीची दोन पुस्तकं घेऊन आले. एक तिला, एक स्वतःला. पुढचे पाच आठवडे बासष्ट वर्षांचे अप्पा आणि त्यांची सून समोरासमोर बसून अलिफ, बे गिरवत होते, आणि अप्पा तिला थेट रागवत होते. मला मध्ये कोणी विचारेना.

निकाल बघायला लातूरला आम्ही दोघं गेलो. मी सगळ्या विषयांत पास. वहिनींना उर्दूत सगळ्यांत जास्त मार्क, इंग्रजी निघालं, बाकीचंही निघालं, आणि सहकारात त्या नापास. परतीच्या बसमध्ये मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या कितीतरी संध्याकाळी माझ्या इंग्रजीत गेल्या होत्या, एकच वर्ष त्यांच्या हातात होतं, आणि पास मी झालो. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं, आजही ते आठवलं की तसंच वाटतं. औशाच्या स्टँडवर उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड सरळ करा भाऊजी. तुमी पास झालाव. पेढे घ्या." मी घेतले. त्या पुढे चालत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या, मला दिसू नये म्हणून.

अप्पांनी पेढा खाल्ला नाही. खांबाशी उभ्या असलेल्या वहिनींना विचारलं, "सहकारात काय लिव्हलंस?" वहिनींनी सांगितलं. प्रश्न होता, वार्षिक सभेच्या वेळी सचिवाची कर्तव्ये लिहा. त्यांनी लिहिलं होतं की सभा होत नाही. सचिव रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो आणि सह्या आणतो. ज्याच्या घरी लग्नकार्य असेल तिथं आधी जावं, कारण तिथं बरेच सभासद एका जागी सापडतात. चेअरमन झोपलेले असतील तर उठवू नये. अण्णांकडून शिकल्या होत्या, अण्णा जे करत तेच लिहिलं होतं. अण्णा मान खाली घालून उभे. अप्पांच्या पोटातून आधी नुसता गुडगुड आवाज आला, मग ते असे हसायला लागले की आई आतून पाणी घेऊन धावत आली. "ही न्हाई नापास झाली," अण्णांकडे बोट करून म्हणाले, "तुझी सोसायटी झाली." डोळे पुसले, पेढा उचलला, अर्धा मोडून वहिनींच्या हातावर ठेवला. "आक्टोबरचा फारम कवा भरायचाय गं?"

ऑक्टोबरला अण्णांना त्या विषयाच्या आसपास फिरकू दिलं नाही, आणि वहिनी पास झाल्या. वर्षभरात नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागल्या. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, कसं आहे काम? "डोक्यावर पंखा हाय," म्हणाल्या, एवढंच. तिथं दप्तरखान्यात जुन्या जिल्ह्याकडून आलेले निजामाच्या वेळचे गठ्ठे पडले होते, आणि ते अक्षर साहेबापासून शिपायापर्यंत कुणालाच लागत नव्हतं. वहिनींना लागायचं. धर्माबादेपासून माणसं यायची, आज्याच्या नावाचा कागद घेऊन, आणि त्या चष्मा वर करून एका दमात वाचून दाखवायच्या. अप्पा तोवर थकले होते. त्यांना हे सांगितलं की म्हणायचे, "पयलीचं पुस्तक कशाला आनलं मग?"

वहिनी निवृत्त झाल्यावर तर घराची कचेरीच झाली. रविवारी सकाळी बायका यायच्या, कुणाची शाळा लग्नानं सुटलेली, कुणाची आणखी कशानं. सतरा नंबरचा फॉर्म वहिनी भरून द्यायच्या, आणि विषय निवडायला लागला की आधी घरात कोण कोण आहे ते विचारायच्या. मग पुढं स्वतःहून सांगायच्या, माणसाकडून शिका, पण पुस्तक एकदा उघडून बघा, मी बघितलं नव्हतं. मी त्यांना चिडवायचो की तुमच्यामुळे जिल्ह्यातल्या सासवांना दुपारची झोप राहिली नाही. शेवटची भेट झाली तीही असल्याच गडबडीत. मला चहा विचारायच्या आधी एका पोरीचा दाखला शोधत होत्या. नीट बोलणं झालंच नाही, याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

गेल्या रविवारी मी लातूरला होतो. दहाच्या सुमाराला पंचविशीतली एक बाई आणि तिची सासू दारात उभ्या. देवणीहून आल्या होत्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "म्याडम हायत का?" अण्णा म्हणाले, "म्याडम गेल्या, बाई. दीड महिना झाला." ती बाई पिशवी दुमडून पदराखाली घेत सासूला म्हणाली, "चला." सासू वळलीसुद्धा. अण्णा पंचाहत्तर पार केलेला माणूस, गुडघे धरून धरून उठतो, त्या दिवशी खुर्चीतून ताडकन उठले. "चला म्हंजी? बसा की. फारम हितंच भरतेत."

वहिनींच्या टेबलाशी बसून त्यांनी एकेक कागद बघितला. सासूला विचारलं, तुमी काय शिकलाव, घरात आनिक कोन हाय. त्यांना जमत होतं. इतके रविवार शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत ऐकलेलं असणार. सहकाराचं त्यांनी नावच काढलं नाही. यादीत इंग्रजीवर आल्यावर पेन थांबलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विंग्रजी मला येत न्हाई. रविवारी पहाटं नांदेडहून गाडी असती का रे?"

मला ठाऊक नव्हतं. असती, म्हणालो.