कूलरातला घोयरा

१४ मे. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी पिंपं, हंडे, घागरी भरत होते. लातुरात नळ आला की दुसरीकडे बघायला फुरसत नसते, तरी बघावं लागलं. आमचा कूलर अंगणात उघडा पडला होता. पंखा, मोटार बाहेर, आणि आत ओल्या गवताला चिकटून नवऱ्याचा घोयरा. काळाठिक्कर.

घोयरा म्हणजे रंग बदलणारा, एक डोळा इकडे अन् एक तिकडे फिरवणारा संथ सरडा. चार दिवसांपूर्वी अहमदपूरजवळच्या आमच्या शेतात बांधावरच्या बाभळीवर तो नवऱ्याला सापडला. निवृत्तीनंतर त्यांना छंद हवा होता. असलं जनावर पाळणं कायद्यात बसत नाही, हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. पण घरात माझ्यापेक्षा शहाणं माणूस नांदेडहून आलं होतं, माझे नणंदोई. त्यांनी तीस वर्षं मासे पाळले. म्हणजे घोयऱ्याचा अनुभव शून्य.

भर उन्हाळ्यात कूलर सरड्याला द्यायचा सल्ला त्यांचाच. तिन्ही बाजूंनी ओलं गवत, समोर प्लॅस्टिकचा कागद, खाली टाकीत पाणी. आम्ही मात्र घामानं निथळत होतो.

"वहिनी, हे तोंडानं पाणी पीतच न्हाई. वाटी ठेवली, तिला शिवलं का? चामडीतून ओढून घेतंय. रोज धा मिनिटं टाकीत बुडवायचं."

"दाजी, तुम्ही घोयरा कधी पाळलाय?"

"मासे पाळलेत की!"

"मग तुम्हीबी गोदावरीत बसत चला. घडीघडी चहा करायचा माझा त्रास वाचंल."

"अगं, ते अनुभवातून बोलायलेत," नवरा म्हणाला.

"कुणाच्या? माशांच्या?"

त्या सकाळीही दाजींनी त्याला बुडवलं होतं. मी कागद काढून पाहिलं. डोळे खोल गेले होते, फांदी धरायची पकड सुटली होती. आणखी एक बुडवणी झाली असती तर तो मेलाच असता.

शेतात सकाळी बाभळीच्या पानांवर दवाचं पाणी असतं. कुणी तिथं वाटी नेऊन ठेवत नाही की टाकी बांधत नाही. मी त्याला उचलून कढीपत्त्याच्या कुंडीत सावलीला ठेवलं, इस्त्रीची पिचकारी घेतली आणि पानांवर मारत राहिले. तिकडे पिंप भरून वाहायला लागलं. नळाच्या दिवशी मी पाणी वाहू दिलं, हे एरवी कुणाला खरं वाटणार नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मान हलवली, तोंड उघडलं आणि पानाच्या टोकाचा थेंब चाटला. मग दुसरा. मग चाटतच सुटला.

दाजी चष्मा पुसत म्हणाले, "कढीपत्ता औषधी असतोय, वहिनी. त्यानंच तरतरी आली."

नवरा लगेच म्हणाला, "मग ही कुंडीच कूलरात ठेवू."

मी दोघांकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींना हलवून उठवलं, हातात पाना दिला. "दाजी, मी येईपर्यंत कूलर होता तसा जोडून ठेवा." मग झाकणाच्या टोपलीत कढीपत्त्याची फांदी आणि तिच्यावर घोयरा घेऊन अहमदपूरची पहिली एसटी धरली. बांधावर जाऊन त्याच बाभळीला टोपली टेकवली. तो अर्ध्या फांदीवर चढेपर्यंत उभी राहिले, आणि परतीच्या गाडीला उशीर होईल म्हणून निघाले.