प्रमाण-पाण्याची बाटली

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. स्वतःची किळस येते, एवढं मात्र पक्कं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत एका प्रयोगशाळेत पाणी तपासायचो. पाण्यातही जड-हलकं असतं. पाऊस जितका उंचावर पडतो, तितकं त्याचं पाणी हलकं. ते मोजायला आधी एक ओळखीचं पाणी लागतं — किती जड, ते ठरलेलं. आम्ही त्याला प्रमाण-पाणी म्हणायचो. बाकी सगळं त्याच्याशी ताडायचं. त्याची बाटली घट्ट बंद ठेवायची, बाहेर न्यायची नाही — हे नव्या पोरांना शिकवायचो कोण? मीच.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर गुरं राखणाऱ्यांची एक वाडी आहे. वाडीला झरा एकच. झऱ्यामागचा उतार एकजण दगडाच्या खाणीसाठी मागत होता. वाडीतले जाणते कोंडीरामबाबा मला म्हणाले, पाणी त्या उतारातून येत असेल तर जमीन देणार नाही. वरच्या पठारावरून येत असेल तर देऊ. महाडचाच मुलगा, शिकून साहेब झालेला — म्हणून माझ्यावर सोपवलं त्यांनी.

आणि मी काय केलं? मिरवायला ती बाटली सोबत नेली. भर मे महिन्यात, देवळासमोर. उघडून हातोहात फिरवली. एका म्हातारीने वास घेऊन पाहिला, सगळे हसले, मीही हसलो. झाकण नीट लागलंच नाही, आणि बाटली जीपमध्ये उन्हात तशीच पडून राहिली. अशा वेळी हलकं पाणी आधी उडतं, मागे जड उरतं. मग त्याच्याशी ताडलेलं झऱ्याचं पाणी होतं त्याहून हलकं दिसणार — म्हणजे उंचावरचं. तसंच दिसलं. मी कळवलं, पाणी पठारावरचं आहे, उतार खुशाल द्या.

पुढे नवी बाटली फोडली तेव्हा आकडे जुळेनात. उरलेलं झऱ्याचं पाणी गुपचूप पुन्हा मोजलं. ते उतारातलंच होतं. खाण अजून सुरू व्हायची होती. वाडीला निरोप धाडायला पोलादपूरला एक फोन करायचा, बस — नाही केला. बाटली बाहेर नेल्याचं उघड झालं असतं, आणि माझी बढती तोंडावर होती. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर सांगितलं नसतं का?

खाण सुरू झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला. मी गेलो होतो तिथे — कुठल्या तोंडाने, कोण जाणे. कोंडीरामबाबांची सून खाली सावित्री नदीवरून हंडा घेऊन चढून आली होती. त्यातलं तांब्याभर पाणी तिने आधी मला दिलं, आणि मी ते प्यायलो. बाबा माझीच समजूत घालत होते.

"तुमची काय चूक नाय, सायेब. झऱ्यानंच वाट बदललीन."

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो. मग पठाराकडे हात करून, पाणी आतल्या आत वाट कशी बदलतं, ते त्यांना नीट समजावून सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले.